एका नावाच्या दोघी

होल्डबाईंना आमच्या भावकीनं भर बैठकीत ‘उपरी बाई’ म्हटलं, त्याला आता बरेच दिवस झाले. माझा राग काही गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. राग गेला की माणसं गोष्टी गुळगुळीत करून सांगायला लागतात. होल्डबाईंना गुळगुळीतपणा फक्त ब्रेकच्या पार्टात चालायचा.

त्यांचं खरं नाव कमल माने. मूळच्या लातूरकडच्या, राहायला थेरगावात. चाकणला आमची ब्रेकचे पार्ट बनवणारी कंपनी आहे, तिथं मी स्टोअरला आणि त्या क्वालिटीत. एखाद्या मालाबद्दल शंका आली की त्याला तारेनं पिवळा टॅग बांधायचा, त्यावर ‘होल्ड’ लिहायचं, खाली कारण लिहायचं, आणि निकाल लागेपर्यंत तो माल कोणी हलवायचा नाही. हा नियम सगळ्याच कंपन्यांत असतो. तो असा श्वासासारखा पाळणारं माणूस मी एकच पाहिलं. लोक त्यांना होल्डबाई म्हणायचे ते तोंडावर म्हणायचे, आणि नवा वॉचमन गेटवर अडखळला तर त्याच सांगायच्या, “होल्डबाई आलती म्हणून लिही की. कमल मानेला कोण ओळखतंय हितं.”

पर्समध्ये तीन वस्तू कायम. स्वतःचा स्टीलचा ग्लास, कारण कागदी कपातला चहा त्यांना ‘पुठ्ठ्याचा काढा’ वाटायचा. शेंगदाण्याच्या चटणीची डबी. आणि पिवळ्या टॅगांचा जुडगा. तो घरीसुद्धा सुटायचा नाही. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली असं चेअरमननं सांगितलं आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकली, तेव्हा त्यांनी टॅग लिफ्टला नाही, चेअरमनच्या मोटारसायकलला बांधला. कारणाच्या ओळीत लिहिलं, ‘सांगणारा न बघता सांगतो.’

एकदा एका लॉटच्या मापात घोळ झाला. आमचं गेज एक माप दाखवत होतं, गिऱ्हाईक कंपनीचं गेज दुसरं. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. प्लँट हेड घामाघूम होऊन म्हणाले, “मॅडम, दोन्हींची सरासरी काढा आणि सोडा ना माल.”

होल्डबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. “सर, तुमच्या घड्याळात दहा वाजलेत आन माझ्या घड्याळात बारा. म्हणून काय अकरा वाजले व्हय?”

माल थांबला, ट्रक रिकामा गेला. बाईंची त्या वर्षीची बढतीही त्याच ट्रकात बसून गेली. पुढे तपासणीत कुठलं गेज चुकीचं निघालं म्हणाल, तर दोन्ही. सरासरी काढली असती तर आम्ही दोन चुका मिसळून पाठवल्या असत्या. एवढं होऊनही कोणी त्यांना ‘तुमचं बरोबर होतं’ असं म्हणालं नाही. मला याचाही राग आहे.

वंशावळीचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते रागातूनच. त्यांचे यजमान वारले, आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास दिरानं घरच्या ग्रुपवर कसल्याशा ॲपमध्ये केलेली वंशावळ टाकली. यजमानांच्या नावाखाली लिहिलेलं, ‘निर्वंश.’ बाईंना एक मुलगी आहे, चांगली शिकलेली, बंगळूरला नोकरीला. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. हा फोन आमच्या कँटीनमधून झाला, त्यामुळे तो मी आणि अख्ख्या पहिल्या शिफ्टनं ऐकला.

“माझी पोरगी काय बाजारातून आणली व्हय ओ?” पलीकडून दीर काहीतरी समजावत असावेत, कारण बाई म्हणाल्या, “ॲपमधी तसंच येतंय म्हणजे? मुलगा नसला की फांदी बंद, असं ॲपला कोण म्हणालं? कोण म्हणतं, ते सांगा आधी.”

हे ‘कोण म्हणतं?’ त्यांचं ब्रीदच होतं. कंपनीत एखादा पार्ट कुठल्या भट्टीतल्या लोखंडाचा, कुठल्या मशीनवरचा, कोणत्या पाळीतला, हे मागे मागे शोधत नेणारा प्रोग्रॅम बाईंनीच लिहिलेला होता. आता तसाच माणसांसाठी लिहायला घेतला. त्याला नाव दिलं ‘गाठोडं’. जुन्या लॅपटॉपवर चालायचा, दिसायला अगदी ओबडधोबड, पण त्याची अक्कल मी दुसऱ्या कुठल्या ॲपात पाहिली नाही.

बाकीची ॲपं काय करतात, तर शाळेच्या दाखल्यात एक, रेशनकार्डात दुसरं आणि आजोबा तिसरंच सांगत असले की त्यातलं एक खरं मानतात आणि उरलेलं फेकून देतात. आपल्याकडे तर नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात, सुनेचं नाव लग्नात बदलतात. मग ॲप आजोबा आणि नातू एकच समजतं आणि एका बाईच्या दोन करून टाकतं. गाठोड्यात माणसाबद्दलची एकेक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर राहायची. काय म्हणतात, कोण म्हणतं, आणि त्यांना कसं माहीत. त्यासाठी तीन बटणं होती, ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘वाचलं’. दोन चिठ्ठ्या भांडायला लागल्या की त्या माणसाचा चौकोन पिवळा व्हायचा आणि पिवळाच राहायचा. ही दोन माणसं एकच असतील का, असं गाठोडं विचारायचं, पण आपणहून कधी जोडायचं नाही. माणूस पुसून टाकायचं बटण तर बाईंनी ठेवलंच नव्हतं.

अशा बाईंना मी आमच्या घरी घेऊन गेलो.

आम्ही पुनावळ्याचे जुने शेतकरी. शेतं गेली, तिथं टॉवर उभे राहिले. भावकीनं भैरोबाच्या देवळापुढं नवा सभामंडप बांधला, आणि माझे थोरले चुलते नाना यांच्या मनात आलं, की त्यात ग्रॅनाइटवर आपली वंशावळ कोरायची. पुढच्या पोरांना कळलं पाहिजे आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. काम त्यांनी माझ्या चुलतभावाला, प्रशांतला दिलं. तो हिंजवडीला आयटीत आहे. त्याचं ॲप आमच्या आजीपाशी येऊन अडलं. गावच्या जुन्या नोंदीप्रमाणे गिरजाबाई वारलेली, आणि त्यानंतर त्याच गिरजाबाईला दोन मुलगे झालेले. त्यातले थोरले नाना, धाकटे माझे वडील. ॲप लाल अक्षरांत ओरडत होतं, मेलेल्या बाईला मुलं कशी होतील? तेव्हा नाना मला म्हणाले, “तुज्या कंपनीतल्या त्या हुशार बाईस्नी इचार की.”

होल्डबाई रविवारी आल्या. लॅपटॉप उघडण्याआधी त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला.

“ह्या कोण?”

“आमची आई, गिरजाबाई,” नाना म्हणाले.

“गळ्यात काय घातलंय त्यांनी?”

“सवतीचा टाक हाय त्यो.”

पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर पहिलीचा चांदीचा छोटा टाक दुसरी गळ्यात घालते. आमच्या भागात जुन्या बायकांच्या गळ्यात तो असायचाच. होल्डबाईंनी चहा स्वतःच्या ग्लासात ओतून घेतला आणि शांतपणे विचारलं, “मग सवत कुठाय?”

तेव्हा नानांनी सांगितलं. आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, एक लहान मुलगी मागे ठेवून. मग दुसरी आणली. आमच्या घरात थोरल्या सुनेचं नाव गिरजाच ठेवायची रीत, म्हणून हिचंही नाव गिरजा ठेवलं.

“म्हणजे दोघी झाल्या की.”

“दोगी कशा? गिरजा एकच. पयलीची जागा दुसरीनं घेतली, संपलं.”

“नाना, स्वतःचाच टाक स्वतःच्या गळ्यात कोण घालतं?”

नाना हसले. बायामाणसांशी काय वाद घालायचा, असं ते हसणं होतं. मी ते ओळखतो, लहानपणापासून पाहतोय.

ती मागे राहिलेली लहान मुलगी म्हणजे माझी सखूआत्या. जवळच्याच गावात दिलेली, आता थकलेली, पण कान शाबूत आणि बोलणं खणखणीत. होल्डबाईंना तिच्याकडे नेलं. त्यांनी गाठोडं उघडलं आणि तिला पहिलाच प्रश्न विचारला, “आई आठवती का?”

“न्हाई. तोंडबी आठवत न्हाई,” आत्या म्हणाली. “धाकट्या आयनं सांबाळलं मला. लई चांगली हुती. सावत्रपणा कदी केला न्हाई. नवी साडी आली की आदी गळ्यातल्या टाकाला दावायची, आन मला म्हणायची, बग गं सखू, तुज्या आयला आवडली का.”

होल्डबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ. त्या माउलीला माहीत होतं दोघी हायेत. तुझ्या नानालाच कळंना झालंय.”

आत्यानं त्या दिवशी काय हवं ते सरळ सांगितलं. “जमिनीच्या टायमाला मी हक्कसोडीवर आंगठा दिला. भाऊ म्हणलं दे, मी दिला. कदी कायबी मागितलं न्हाई. आता दगुड कोरत्यात तर त्याच्यावर माज्या आयचं नाव येगळं येऊंद्या. तिचा फोटू न्हाई, काय न्हाई. येवढंच.”

एवढंच मागणं होतं. ना एक गुंठा, ना एक रुपया. आधीच कोरायला घेतलेल्या दगडावर एक जास्तीची ओळ.

होल्डबाईंचं समाधान एवढ्यावर होईना. गिरजा हे तर सासरचं नाव, मग हिचं माहेरचं नाव काय? आत्याला माहीत नव्हतं. मग एका सुट्टीच्या दिवशी बाई मला घेऊन चाकणच्या पलीकडे त्या पहिल्या गिरजाच्या माहेरी गेल्या. गावाच्या शिवारात आता कंपन्यांच्या शेड आणि कंटेनरांच्या रांगा. विचारत विचारत त्या घरचं एक म्हातारं माणूस सापडलं, ते म्हणालं, सरू. त्याची भावजय आतून म्हणाली, छे, सीता. शेजारच्या आजीबाई ठाम, की मंजुळा होती ती, माझी आई तिचं नाव घेऊन रडायची. तिघंही एकमेकांवर चिडले. होल्डबाईंनी तिघांच्या तीन चिठ्ठ्या केल्या आणि तिन्हींना ‘ऐकलं’ लावलं. चौकोन पिवळा झाला.

परतताना मी म्हणालो, “मॅडम, मंजुळा ठेवू. तेच खरं वाटतं.”

“तू होतास व्हय बारशाला?”

आत्याला तीन नावं सांगायला मला लाज वाटत होती, एवढं फिरून एक धड नाव आणता आलं नाही म्हणून. पण आत्या तिन्ही नावं पुन्हा पुन्हा म्हणत बसली. सरू, सीता, मंजुळा. मग होल्डबाईंचा हात धरून म्हणाली, “सकाळपस्तोर एकबी नव्हतं. आता तीन हायेत.”

आणि मग ती बैठक. नानांच्या मंगल कार्यालयात भावकी जमली होती. होल्डबाईंनी मोठ्या कागदावर छापलेली वंशावळ टेबलावर पसरली. आजोबांच्या शेजारी दोन चौकोन, गिरजा आणि गिरजा. पहिलीखाली सखूआत्या. इतकंच नाही, तर प्रत्येक पिढीतल्या मुलीसुद्धा. आमची वंशावळ एकदम दुप्पट रुंद झाली होती.

नानांनी एका मुलीच्या चौकोनावर बोट ठेवलं. “ह्या पोरी कशाला घातल्या?”

“जन्मल्या म्हणून,” बाई म्हणाल्या.

“आन दगडावर दोन गिरजा दिसल्या की सोयरीक कराया येनारी मानसं इचारनार, पयली कशानं गेली. काय सांगायचं?”

“बाळंतपणात गेली म्हणून सांगा. त्यात कुणाला तोंड लपवायचं काय कारण हाय?”

प्रशांत मध्ये पडला, अगदी गोड आवाजात. “मॅडम, इतकं काही नाही त्यात. दोघींना मर्ज करा आणि पहिलीची मृत्यूची तारीख तेवढी डिलीट करा. एरर जातो. एका क्लिकचं काम आहे.”

होल्डबाई इतका वेळ बसून बोलत होत्या. आता उठल्या.

“त्या बाईचं नाव तुम्ही दुसरीला दिलं. नवरा दिला, चूल दिली, लेकरू दिलं. मरण तेवढं तिचं एकटीचं राहिलं होतं. आता ते बी खोडायलाव?”

त्यावर नाना म्हणाले ते मी विसरणार नाही. “बाई, तुमी उपऱ्या. लातूरवरनं पोट भराया आल्यात हितं. आमच्या भावकीत तोंड घालायचं तुमाला काय काम?”

ज्या बाईंनी त्यांच्यासाठी सुट्ट्या मोडल्या, रिक्षा-बसचे धक्के खाल्ले, एक पैसा घेतला नाही, त्यांना हे बोलणं. सगळी भावकी खाली मान घालून चहा पीत राहिली. मी उठून काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नाना त्यानंतर माझ्याशी बोलत नाहीत आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

होल्डबाईंनी कागदाची नीट घडी घातली, ग्लास पर्समध्ये टाकला. “उपरी तर उपरी. तुमच्या वंशावळीतल्या सगळ्याच सुना बाहेरून आल्यात, नाना. त्यांना बी असंच म्हणलं असंल कुणीतरी.” आणि गेल्या.

पुढचं प्रशांतनं त्याच्या ॲपात केलं. मृत्यू खोडला, दोघींची एक केली, मुली काढून टाकल्या. एरर गेला.

सभामंडपाच्या कार्यक्रमाला आत्याला मानानं बोलावलं, पुढच्या रांगेत खुर्ची दिली. मानात आमची माणसं कधी कमी पडत नाहीत. पडदा सरकला, दगड चकचकीत, सोनेरी अक्षरं, भोवती स्टीलची चौकट. आत्याला वाचता येत नाही. तिनं मला हाक मारली, “बाळा, माजी आय कुटं हाय?”

मी तिचं बोट धरून गिरजा या नावावर ठेवलं. ती अक्षरं तिनं चाचपली.

“ही कोनची? थोरली का धाकटी?”

“दोघींचं मिळून एकच लिहिलंय, आत्या.”

ती खुर्चीत जाऊन बसली. मला त्या दगडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

तेवढ्यात होल्डबाई आल्या. आत्यानंच नातीकडून फोन करून बोलावलं होतं. पहिली शिफ्ट संपवून, कंपनीच्या बसमधून हायवेला उतरून, अंगात अजून युनिफॉर्म. आत्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि दगडासमोर उभ्या राहून सगळा वाचून काढला. मग पर्समधून पिवळा टॅग काढला. मार्करनं त्यावर ‘होल्ड’ लिहिलं, आणि खाली कारण, ‘व्यक्ती एक नाही, दोन आहेत.’ चौकटीच्या कोपऱ्याला तारेचा पीळ दिला. फुलांच्या माळांत तो टॅग लांबूनसुद्धा दिसत होता.

नाना तरातरा आले. “काढा ते. आमच्या देवाच्या दारात ही थेरं चालायची न्हाईत. म्हनं दोन हुत्या. कोन म्हनतं दोन हुत्या? कोन म्हनतं?”

होल्डबाईंचाच प्रश्न त्यांच्यावर आला होता. त्या बाजूला सरकल्या.

आत्या खुर्चीच्या दांडीला धरून उठली. “मी म्हणते,” ती म्हणाली. “मी तिची लेक हाय. मी म्हणते.”

मंडपात बसलेल्या बायकांतल्या एकीनं पदर डोळ्यांना लावला. भावकीतला एकही पुरुष नानांच्या बाजूनं बोलायला उठला नाही, आणि आत्याच्याही नाही. होल्डबाई टॅगपाशी वाकल्या आणि लिहिलं, ‘कोण म्हणतं: लेक, सखूबाई.’ मग सवयीनं, गाठोड्यापुढे बसल्यासारखं, मान वर न करता विचारलं, “पाहिलं, ऐकलं, की वाचलं?”

आत्या म्हणाली,

“पायलं न्हाई. ऐकलं म्हनावं, तर तसंबी न्हाई. मी तिच्या पोटात हुते, बाई. ते कशात लिवायचं?”

होल्डबाईंचा मार्कर थांबला. प्लँट हेडसमोर, नानांसमोर कधी न अडखळलेली ती बाई टॅगकडे बघत राहिली. मग त्यांनी तेच शब्द, आत्या म्हणाली तसेच, टॅगवर लिहिले. आत्यापाशी गेल्या, वाकून तिच्या पायांना हात लावला. आत्यानं जेवायला थांबायचा आग्रह केला, पण त्यांनी मान हलवली.

आत्यानं आपली खुर्ची त्या दगडाखाली मांडायला लावली आणि पंगती उठेपर्यंत ती तिथून हलली नाही. टॅगला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

मी होल्डबाईंना सोडायला हायवेपर्यंत गेलो. त्याच महिन्यात त्या रिटायर होऊन मुलीकडे बंगळूरला गेल्या, आणि वर्षाच्या आत तिकडेच वारल्या, त्यामुळे कंपनीबाहेरची ती शेवटचीच भेट ठरली. मला वाटलं होतं, त्या नानांबद्दल काहीतरी बोलतील. त्या वाटभर स्वतःशीच चरफडत होत्या, आणि मला वाटलं तसा तो राग नानांवर नव्हताच.

“इतकी वर्षं झाली लिहायलेय, आन तीनच बटणं केली मी,” त्या म्हणाल्या. “काय अक्कल म्हणायची ही.”

बस आली. पर्स काखेत दाबून त्या चढल्या, आणि खिडकीतून वाकून मला म्हणाल्या, “सांग आत्याला. आज घरी गेले की चौथं करते.”